'वासरामागून पडते ती', दोन अक्षरे. उत्तर 'वार' कसे काय?

आडवेउभे
शब्दकोड्यातली एक सूचना दोन दिवस डोक्यातून जात नाही. उभा शब्द, दोन घरे: 'वासरामागून पडते ती'.

सासऱ्यांची नजर अधू झाल्यापासून मी सूचना मोठ्याने वाचते आणि ते उत्तरे सांगतात. ते क्षणात 'वार' म्हणाले. मी म्हटले, "बाबा, वार पडतो. इथे पडते लिहिलंय." आणि 'वार' खोडून 'सर' भरले, पावसाची. मग आडव्या 'परवाना'तून 'वा' आला आणि माझी 'सर' वाहून गेली. उत्तर 'वार'च निघाले.

मला माहीत असलेले वार तीन: सोमवार-मंगळवारातला, तलवारीचा आणि कापड मोजायचा तीन फुटांचा. तिन्ही 'तो'. मग ही 'ती' कोण? आणि असे शब्द ओळखायचे कसे?

गोठेवाली
गाय व्यायली की वासरामागून वार पडते. आत वासराला जिच्यातून पोषण मिळत होते तीच. बारा तास उलटले तरी पडली नाही तर 'वार अडकली' म्हणतात आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे लागते. ओढून काढायला जाऊ नये, आत इजा होते. बाईच्या बाळंतपणातही हाच शब्द. नेहमी 'ती वार', 'तो' कधीच नाही. तुमच्या सासऱ्यांनी नक्की गुरे पाहिली असणार.

कोडी_रचणारा
ताई, बाबांचे उत्तर बरोबर होते, पण 'पडते'वर अडलात तेही योग्यच केलेत. त्या एका 'ते'साठीच ती सूचना तशी लिहिलेली असते.

मी बरीच वर्षे कोडी रचतो. अक्षरे तीच आणि लिंग वेगळे अशी जोडी सापडली की दिवस चांगला जातो. 'मान' घ्या. सन्मान या अर्थाचा 'मान' संस्कृतातून जसाच्या तसा आला, आपण वळवतो ती 'मान' आली 'मन्या'वरून. धडा म्हणजे 'पाठ', आणि 'पृष्ठ' झिजून झाली तीही 'पाठ'. 'नाम'चे 'नाव' झाले, 'नौ'ची 'नाव' झाली. म्हणजे हे एका शब्दाचे दोन अर्थ नाहीतच. दोन निराळे शब्द झिजत झिजत एका उच्चारावर येऊन थांबले, लिंग मात्र वेगळे राहिले. 'हार' गळ्यात पडला की तो, पदरी पडली की ती.

म्हणून सूचनेतले क्रियापद, विशेषण, सर्वनाम आधी वाचा. 'वाकते ती, मिळतो तो' म्हटले की 'मान' आपोआप सुचते. लिंग लपवायचेच असेल तर रचणारा क्रियापद टाळून नुसते 'शरीराचा भाग' लिहितो, तेवढी मोकळीक त्याला आहे. पण 'वार' हवी असताना 'पडतो' लिहिणे हा सोडवणाऱ्यावर अन्याय आहे, आणि असे कोडे मी परत पाठवतो. शंका आली की कोश उघडावा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतसुद्धा नामापुढे लिंग दिलेले आहे.

तिरकी_रेघ
पण लिंग दर वेळी मदतीला येत नाही. 'अंक' पाहा: आकडा, मांडी, नाटकाचा भाग, मासिकाचा अंक. सगळे 'तो'. 'कर'ही तसाच: हात, किरण, सरकारी कर, शिवाय हत्तीची सोंड. सोंड आहे म्हणून तर हत्ती 'करी'. 

आणि असा शब्द सूचनेतच आला तर घरे मोजायची. 'अंक', तीन घरे: आकडा. दोन घरे: मांडी. 'जीवन', दोन घरे असेल तर 'जल' आणि 'पाणी' दोन्ही बसतात, तिथे छेदणाऱ्या शब्दाची वाट पाहायची. आपल्या घरात काना-वेलांटीसकट अख्खे अक्षर बसते, त्यामुळे 'णी' आली की 'जल' तिथल्या तिथे बाद. नुसत्या 'ण'वर भागत नाही. घाईने पेनाने भरणारे इथेच अडकतात.

आडवेउभे
सगळी उत्तरे बाबांना वाचून दाखवली. गोठेवाली ताई, तुमचा अंदाज खरा आहे. त्यांच्या लहानपणी घरी चार गाई होत्या आणि वार पडेपर्यंत त्यांचे वडील गोठ्यातून हलत नसत. हे मला आज कळले. 'वार' खोडल्याबद्दल त्यांची माफी मागितली.

'वाकते ती, मिळतो तो' मी पुरते वाचायच्या आत त्यांनी ओळखले. मग गुडघा चोळत त्यांनीच मला एक सूचना घातली: 'दिव्यात ती, सांध्यात तो'. दोन अक्षरे. मला दहा मिनिटे लागली. उत्तर इथे लिहीत नाही, तुम्ही सोडवा.