अनुभव धागा : प्रेग्नन्सी टेस्ट कधी केलीत, कशी केलीत?

ठाणे-नवी मुंबईतल्या मैत्रिणींनो, किटच्या खोक्यावरच्या सूचना बारीक अक्षरात असतात, घरात विचारावं तर सगळ्यांच्या कानावर जातं, आणि डॉक्टरकडे जाण्याइतकं काही पक्कं नसतं. त्या मधल्या दिवसांत काय केलंत ते इथे लिहा. बातमी हवी असो की नको असो, दोन्ही अनुभव हवेत.

सुरुवात मी करते, नेरूळहून. तारीख उलटल्याशिवाय किटला हात लावू नकोस, असं मोठ्या जाऊबाईंनी बजावलं होतं, आणि कारणही समजावलं होतं. गर्भ गर्भाशयात रुजल्यावरच एचसीजी हे हार्मोन तयार होऊ लागतं. बीज सुटल्यापासून रुजेपर्यंत साधारण ६ ते १२ दिवस जातात. पुढे हार्मोन दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं. म्हणून घाईत निगेटिव्ह आलेली टेस्ट थोड्या दिवसांनी पॉझिटिव्ह येऊ शकते.

ऐरोली
मी रात्रपाळीला असते. सगळे सांगतात, सकाळची पहिली लघवी घ्या; माझी सकाळ दुपारी होते! डॉक्टर म्हणाल्या, घड्याळ बघू नकोस. झोप पुरी झाली की उठल्यावरची पहिली घे, आणि त्याआधी तांब्याभर पाणी पिऊ नकोस, लघवी पातळ होते.

वर्तकनगर, ठाणे
मी किटबद्दल सविस्तर लिहिते, कारण घोळ इथेच होतो. आधी एक्सपायरी बघा. पाकीट ऐनवेळीच फोडा. 'एस' लिहिलेल्या खळग्यात ड्रॉपरने सूचनेत असतील तेवढेच थेंब टाका. ओल पट्टीवर हळूहळू चढताना दिसते. 'सी'समोर रेघ उमटलीच नाही तर ती टेस्ट बाद, नवं किट आणा. 'टी'ची रेघ फिकी असली, पण रंगीत असून वेळेत आली, तर पॉझिटिव्ह धरा. माझी इतकी फिकी होती की नवरा पट्टी खिडकीच्या उजेडात धरून बसला होता. दोन दिवसांनी पुन्हा केली, तेव्हा गडद आली. मात्र टाकून दिलेली पट्टी तासाभराने उचलून बघू नका. सुकल्यावर राखाडी रेघ दिसू शकते, ती धरायची नाही.

कोपरखैरणे
मला पीसीओडी (हार्मोन्सच्या गडबडीने पाळी अनियमित होणं) आहे. पाळीचा नेम नाही, मग तारीख चुकली हे कळणार कसं? स्त्रीरोगतज्ज्ञांनी साधा हिशेब दिला: शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवसांनी टेस्ट कर.

कळवा
हे सगळ्यांनी वाचा. माझ्या धाकट्या बहिणीची टेस्ट पॉझिटिव्ह आली, घरात पेढे आले. मग ओटीपोटात एका बाजूला कळा आणि थोडं स्पॉटिंग सुरू झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, सुरुवातीला होतं असं. आईने ऐकलं नाही, तडक रिक्षा केली. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं, गर्भ बीजवाहक नळीत! किटला फक्त हार्मोन कळतं, गर्भ कुठे आहे ते कळत नाही. एका बाजूला दुखणं, रक्तस्राव, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, यातलं काहीही झालं तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा. बहिणीची नळी काढावी लागली. ती आज आमच्यात आहे, ते आईमुळे.

घोडबंदर रोड
आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) चालू असलेल्यांनो, एचसीजीचं ट्रिगर इंजेक्शन (बीज पिकवण्यासाठी देतात ते) घेतलं असेल तर पुढचे १०-१४ दिवस घरची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. सेंटरने दिलेल्या तारखेला रक्ताची बीटा एचसीजी करा.

सानपाडा
माझं लग्न झालेलं नाही, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. माझ्यासारखी कुणी वाचत असेल तर तिच्यासाठी: मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नकोस. १९७१च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची लागत नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि तुझं नाव गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. मला भेटलेल्या डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि आधी पाणी दिलं.

दिवा
मी आशा म्हणून काम करते. आमच्याकडे सरकारी 'निश्चय' किट मोफत मिळतं. दुकानात मागायला संकोच वाटत असेल तर आरोग्य केंद्रात तुमच्या भागातल्या आशाताईंची चौकशी करा. पॉझिटिव्ह आली आणि मूल हवं असेल, तर १२ आठवड्यांच्या आत नोंदणी करा. फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही तिथेच मिळतात.