मदत हवी आहे: डोलीच्या (समुद्रात बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याच्या) खोल्याला (मासळी साठते त्या मागच्या टोकाला) किती आस (जाळीचं भोक)?

भरतीवेळ: रविवारी सोसायटीची सभा आहे. पाणी तापलंय, पापलेटची पिल्लं लवकर लागायला लागली. ठरावात किती आस लिहू? ४० मिमी चालेल का? फक्त आकडा सांगा.

काटामाप: डोल की बोकशी (लहान डोल)? जास्त मासळी बोंबलाची, मांदेलीची की जवळ्याची? आत्ताचा खोला किती आसाचा?

भरतीवेळ: डोलच हो. बोंबील-मांदेली. खोला २० मिमी. पालघर किनारा.

आस४०: ४० मिमी, पण चौकोनी. तिरका आस वजन पडलं की मिटतो.

काटामाप: बोंबलाला ठीक, पापलेटला निरुपयोगी. पापलेटची उंची लांबीच्या निम्म्याहून जास्त. ९० मिमीचं पिल्लू ४५ मिमीपेक्षा उंच. ४० मिमीचा आस पूर्ण ताणला तरी त्यातून जाणार नाही. मांदेली मात्र निसटेल. म्हणजे नुकसान पक्कं आणि पिल्लं मेलेलीच.

निळीरेघ: इन्कॉइसचा (केंद्राच्या सागरी माहिती संस्थेचा) मासेमारी क्षेत्राचा अंदाज रोज बघा. पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य, दोन्ही मिळतं.

काटामाप: तो जागा बदलणाऱ्या होड्यांसाठी. डोल बांधलेली असते.

खारवारा: मूळ रोग एलईडी दिव्यांची आणि पर्ससीन (मोठ्या घेर जाळ्यांची) मासेमारी. पावसाळी बंदी १५ ऑगस्टपर्यंत न्या, बाकी सगळं नंतर.

आस४०: तो धागा वेगळा काढा. काटामाप, मग उपाय काय?

काटामाप: तारीख न बांधता पिल्लांच्या प्रमाणावर मासेमारी बंद. बॅरेंट्स समुद्रात नॉर्वे कॉड, हॅडॉक, सेथची लहान मासळी संख्येने १५ टक्क्यांवर गेली की तो भाग बंद करतं. वजन नको, संख्याच मोजा. पिल्लं वजनात दिसतच नाहीत.

आस४०: तिथला ट्रॉलर उठून दुसरीकडे जातो. डोल कुठे नेणार?

काटामाप: न्यायची नाही. खोल्याची दोरी सोडून ठेवायची, मासळी आरपार जाते. पकडून मग सोडणं व्यर्थ. भरतीभर दाबलेलं पिल्लू जगत नाही.

भरतीवेळ: लहान म्हणजे किती?

काटामाप: राज्याच्या २०२३ च्या ५४ जातींच्या किमान आकाराच्या यादीत पापलेट १३५ मिमी. शेपटीच्या खाचेपर्यंत की टोकापर्यंत मोजायचं, ते अधिसूचनेत बघूनच लिहा; पापलेटच्या शेपटीचा खालचा फाटा लांब, फरक मोठा पडतो. मजकूर असा: "उधाणाच्या पहिल्या ओढीला तीन होड्यांतून प्रत्येकी १०० पापलेटं न निवडता मोजावीत. लहान पापलेटं ठरलेल्या टक्क्यांवर गेल्यास सर्व डोलींचे खोले पुढच्या भांगापर्यंत (मंद भरतीपर्यंत) सोडावेत." टक्का सभेने ठरवावा.

भरतीवेळ: भांगानंतर परत मोजायचं?

काटामाप: हो, त्याच जागी, त्याच भरतीला. तापमानही टिपा, तळाचं.