देवीनचा इतिहास १८०९ मध्ये संपत नाही

नेपोलियनच्या सैन्याने १८०९ मध्ये सुरुंग लावून देवीनचा किल्ला उडवला आणि तिथेच त्याचा इतिहास संपला, असे एका चर्चेत म्हटले गेले. त्यातील पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्याशी मात्र मी सहमत नाही.

स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हाजवळ, डॅन्यूब आणि मोराव्हा या नद्यांच्या संगमावरील, समुद्रसपाटीपासून २१२ मीटर उंचीच्या कड्यावर हा किल्ला उभा आहे, आणि पलीकडचा काठ ऑस्ट्रियाचा आहे. ८६४ मध्ये जर्मन राजा लुडविग याने मोराव्हियाचा शासक रास्तिस्लाव याला ज्या 'डोविना' किल्ल्यात वेढले, तो हाच असे अनेक अभ्यासक मानतात, मात्र त्यावर मतभेद आहेत. पुढे हंगेरीच्या राज्यात तो पश्चिम सीमेचा पहारेकरी ठरला.

परंतु मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो तो अवशेष झाल्यानंतरचा काळ. २४ एप्रिल १८३६ रोजी स्लोव्हाक राष्ट्रीय चळवळीचा नेता ल्युदोविट श्टूर आणि त्याचे तरुण सहकारी याच भग्न तटांवर जमले, आणि आपल्या भाषेसाठी व समाजासाठी काम करण्याची प्रतिज्ञा त्यांनी घेतली. स्लोव्हाक राष्ट्रभावनेत देवीनला जे स्थान आहे, ते मुख्यतः या घटनेमुळे. १९३८ मध्ये जर्मनीने देवीन गिळंकृत केले. युद्धानंतर साम्यवादी राजवटीत पायथ्याचा नदीकाठ काटेरी तारांनी बंद झाला, आणि तो ओलांडू पाहणाऱ्या अनेकांनी प्राण गमावले. त्यांचे स्मारक आज किल्ल्याखालीच आहे. देवीनला जाणाऱ्याने तटबंदीइतकाच वेळ तिथेही द्यावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.