मदत हवी आहे: वर्डमधले सगळे संदर्भ गेले, सबमिशन ९ दिवसांवर

रानजाई
प्रबंध जमा करायला नऊ दिवस उरलेत आणि संदर्भ चालेनासे झालेत. नवीन सायटेशन (मजकुरात येणारा संदर्भाचा नंबर) टाकलं की त्याला [१] नंबर येतो. फाइलमध्ये आधीचे १८४ संदर्भ आहेत, म्हणजे शेवटी टाकलं तर [१८५] यायला हवा. मध्येच टाकलं तर पुढचे नंबर सरकायला हवेत, तेही सरकत नाहीत. संदर्भसूची परत बनवली तर तिच्यात एकच नोंद येते. परवापर्यंत सगळं व्यवस्थित होतं.

रीस्टार्ट करून झालं, प्लगइन काढून परत टाकून झालं. लायब्ररीच्या मशीनवर आणि घरच्या लॅपटॉपवर दोन्हीकडे तेच. रात्रभर शोधलंय, त्यामुळे कृपया 'सर्च करून बघा' म्हणू नका. कोणाला खात्रीचा उपाय माहीत असेल तर लगेच सांगा.

तळटीप
संदर्भ सांभाळायला सॉफ्टवेअर कोणतं? झोटेरो, एंडनोट की मेंडेले? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

निळीशाई
माझंही असंच झालं होतं. एंडनोटची लायब्ररी (संदर्भांच्या नोंदींचा साठा) म्हणजे एक फाइल आणि त्याच नावाचं डेटा फोल्डर. बरेच जण पेनड्राइव्हवर फक्त फाइल नेतात, फोल्डर जुन्या मशीनवरच राहतं, मग गोंधळ होतो. दोन्ही एकत्र कॉपी करा, शक्यतो कॉम्प्रेस्ड लायब्ररी बनवून न्या. वर्डमध्ये महिरपी कंसात लेखकाचं नाव, साल आणि नोंदीचा क्रमांक दिसत असेल तर घाबरू नका, सायटेशन फक्त अनफॉरमॅट झालेली असतात. अपडेट दाबलं की परत येतात.

रानजाई
एंडनोट नाही, झोटेरो. विंडोजवर वर्ड. संदर्भांची स्टाईल व्हँकूवर, म्हणजे क्रमाने नंबर देणारी. महिरपी कंस कुठेही दिसत नाहीत, नंबर दिसायला अगदी बरोबर आहेत, फक्त हलत नाहीत.

मला वाटतं लायब्ररीच्या मशीनमुळे झालं. दीड वर्ष मी तिथेच काम केलं. परवा मशीन चालू केलं तर झोटेरो रिकामं होतं, एकही नोंद नाही. तिथल्यांना विचारलं तर म्हणाले, सार्वजनिक मशीन आहे, आम्ही जबाबदार नाही.

अधोरेखित
ताई, हे दुखणं झोटेरोचं नाही, वर्डचं आहे. प्रबंध लाटेकमध्ये लिहा, म्हणजे साध्या मजकुरातून छापील पानं बनवणाऱ्या प्रणालीत. संदर्भ एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतात, लेखात फक्त त्यांची किल्ली टाकायची. काही बिघडलं तर नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी बघता येतं. या फाइलचं स्वरूप म्हणजे बिबटेक, ते १९८५पासून आहे, आजही तीच फाइल चालते. झोटेरोमधून सगळं बिबटेकमध्ये एक्स्पोर्ट करता येतं. मी माझा पूर्ण प्रबंध तसाच केला, एकदाही नंबर चुकला नाही.

तळटीप
@अधोरेखित, नऊ दिवसांत दोनशे-अडीचशे पानं, कोष्टकं, आकृत्या लाटेकमध्ये न्यायच्या? शिवाय गाईड वर्डमध्येच दुरुस्त्या करणारे असतील तर? आणि एक्स्पोर्ट कशातून करायचं, त्यांचं झोटेरो तर रिकामं आहे.

अधोरेखित
मी आजच हलवा म्हणत नाहीये. पण दर वेळी कोणीतरी इथे येऊन हेच लिहितं आणि दर वेळी आपण तात्पुरतं ठिगळ लावून देतो. सुरुवातीलाच कोणी सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती, एवढंच म्हणणं आहे. मला ते खरंच तळमळीने वाटतं.

चौथीओळ
झोटेरोत ३०० एमबीच फुकट मिळतात, पीडीएफ टाकल्या की लगेच भरतं. मेंडेलेत २ जीबी आहेत. मी तिकडेच आहे, काही त्रास नाही.

तळटीप
मेंडेलेवर एवढा भरवसा नको. जुनं मेंडेले डेस्कटॉप सप्टेंबर २०२२पासून डाउनलोडच करता येत नाही, सगळ्यांना नव्या रेफरन्स मॅनेजरकडे जावं लागलं. आणि झोटेरोने टाकलेली सायटेशन मेंडेलेचं प्लगइन ओळखणार नाही, म्हणजे १८४ परत हाताने टाकायची. आत्ता सॉफ्टवेअर बदलणं हा उपाय होऊच शकत नाही.

चौथीओळ
नवीनही चांगलं चालतं. वापरून बघितल्याशिवाय बोलू नये.

संदर्भकक्ष
मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधकांना हेच शिकवते. रानजाई, तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी घडल्यात आणि त्या तुम्ही एकच धरून चालला आहात.

पहिली, लायब्ररीचं मशीन. बऱ्याच ग्रंथालयांत सार्वजनिक मशीन बंद केलं की त्यावरचं सगळं पुसून मूळ स्थितीला जातं. ती सुरक्षेसाठी केलेली सोय असते. तुमचं दीड वर्ष टिकलं म्हणजे त्या मशीनवर ती नव्हती आणि आता कोणीतरी चालू केली, किंवा मशीनच नव्याने बसवलं. तिथे झोटेरो ठेवून काम करणाऱ्याला हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. ते सांगितलं गेलं नाही याचं मला वाईट वाटतं, कारण ते आमचंच काम आहे.

पण झोटेरोतली लायब्ररी रिकामी झाली म्हणून नंबर [१]पासून सुरू होत नाहीत. वर्डमध्ये सायटेशन टाकलं की लेखक, शीर्षक, साल, नियतकालिक ही माहिती फाइलच्या आत साठवली जाते. झोटेरोतली नोंद पुसली तरी फाइलमधलं सायटेशन जिवंत राहतं, नंबर सरकतात, सूची बनते. तुमच्याकडे [१] येतोय, याचा अर्थ झोटेरोला त्या फाइलमध्ये आधीचं एकही सायटेशन दिसत नाहीये. ती सगळी साधा मजकूर झालीत.

खात्री करून घ्या. फाइल उघडून ऑल्ट आणि एफ९ एकत्र दाबा. सायटेशन जिवंत असेल तर [४७]च्या जागी 'ॲडइन झोटेरो आयटम' अशी सुरुवात असलेला इंग्रजी अक्षरांचा लांबलचक पट्टा दिसेल, दोन-चार ओळींचा. परत तेच दाबलं की नंबर येतो. काय दिसतं ते सांगा. आणि परवापासून ती फाइल कुठून कुठे फिरली? तुमच्याशिवाय कोणी उघडली का?

रानजाई
ऑल्ट एफ९ दाबलं. पट्टा फक्त मी काल टाकलेल्या [१]च्या जागी आला. बाकी काहीच बदललं नाही, नुसते आकडे.

फाइल मी कुठेच नेली नाही. गाईड मॅडमना वाचायला दिली होती, त्यांनी दुरुस्त्या करून परत दिली, बस.

संदर्भकक्ष
कशी दिली? मेलने? आणि त्यांनी कशात उघडली?

सांजतारा
मध्येच विचारते, माफ करा. संदर्भसूचीमुळे टर्निटिनमध्ये (साहित्यचोरी तपासणीत) साम्य खूप दाखवतंय, ते कमी कसं करायचं?

तळटीप
@सांजतारा, अहवालाच्या फिल्टरमध्ये संदर्भसूची वगळण्याचा पर्याय असतो. तुमच्याकडे दिसत नसेल तर ज्यांच्या खात्यातून तपासणी होते त्यांना सांगा. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारलंत तर बरं, इथे त्यांची घाई आहे.

रानजाई
ड्राइव्हवर टाकून लिंक दिली होती. मॅडम वर्ड वापरत नाहीत, गूगल डॉक्समध्येच बाजूला कॉमेंट लिहितात. त्यांचं झाल्यावर मी तिथून वर्ड फाइल म्हणून डाउनलोड केली आणि पेनड्राइव्हवरची जुनी बदलून टाकली. यात काय चुकलं? मजकूर जसाच्या तसा आला होता, नंबरसुद्धा.

संदर्भकक्ष
सापडलं. गूगल डॉक्सला झोटेरोच्या वर्डमधल्या सायटेशनच्या मागची माहिती कळत नाही. ते फक्त वर दिसणारा आकडा ठेवतं, आतलं टाकून देतं. डाउनलोड केल्यावर फाइल दिसायला तीच असते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मॅडमचं काही चुकलं नाही आणि तुमचंही नाही.

झोटेरोत यासाठी वेगळी सोय आहे. डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये 'दुसऱ्या वर्ड प्रोसेसरकडे जा' असा पर्याय असतो. तो आधी वापरला की सायटेशन तात्पुरत्या लिंकमध्ये बदलतात आणि पलीकडे प्लगइनने रीफ्रेश केलं की जिवंत होतात. येतानाही हेच उलट करायचं. ही पायरी तुमच्याकडून राहिली.

आता ड्राइव्ह उघडा. मॅडमनी फाइल गूगल डॉक्स म्हणून साठवली असेल तर त्याच नावाच्या दोन फाइल असतील, एकीवर डब्ल्यूची खूण आणि दुसरीवर आडव्या रेघांची. डब्ल्यूवाली तुमची मूळ आहे. ती डाउनलोड करा, वेगळ्या नावाने ठेवा, आणि ऑल्ट एफ९ दाबून बघा.

अधोरेखित
साध्या मजकुराची फाइल असती तर हे झालंच नसतं, एवढं नोंदवून गप्प बसतो.

रानजाई
आहे!!! दोन आहेत. डब्ल्यूवाली उघडली, ऑल्ट एफ९ दाबलं तर पानंच्या पानं पट्ट्यांनी भरली. एवढा कुरूप मजकूर बघून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. नवीन सायटेशन टाकून बघितलं, [१८५] आला.

पण यात मॅडमच्या दुरुस्त्या नाहीत. तिसऱ्या प्रकरणातला एक अख्खा भाग त्यांनी गाळलाय, परिच्छेद वरखाली केलेत. एका फाइलमधून दुसरीत कॉपी-पेस्ट करू का?

चौथीओळ
वर्डमध्ये रिव्ह्यूखाली 'कंपेअर' आहे. दोन्ही फाइल दिल्या की सगळे बदल एकत्र येतात. ॲक्सेप्ट ऑल करा, पाच मिनिटांचं काम.

तळटीप
ॲक्सेप्ट ऑल अजिबात नको! मॅडमच्या फाइलमध्ये सगळे नंबर साधा मजकूर आहेत, तेही बदल म्हणून गणले गेले तर जिवंत सायटेशनच्या जागी परत मेलेले आकडे येतील. मग होते तिथेच.

संदर्भकक्ष
तळटीप बरोबर सांगतायत. कंपेअर जरूर करा, पण बदल कुठे आहेत ते कळण्यापुरतं. त्याची जी तिसरी फाइल तयार होते ती समोर ठेवा आणि प्रत्येक दुरुस्ती मूळ फाइलमध्ये हाताने करा. परिच्छेद हलवायचा असेल तर मूळ फाइलमधलाच उचलून मूळ फाइलमध्येच हलवा, सायटेशन सोबत जातात. मॅडमच्या फाइलमधून नंबर असलेलं वाक्य आणू नका.

दुसरा प्रश्न झोटेरोतल्या नोंदींचा. झोटेरोचं खातं काढलं होतंत का? सिंक, म्हणजे नोंदींची प्रत आपोआप खात्यावर जाणं, चालू होतं का?

रानजाई
खातं आहे. पण चार-पाच महिन्यांपूर्वी जागा भरली असा मेसेज सारखा यायला लागला. पैसे भरायचे नव्हते म्हणून सिंक बंद केलं.

संदर्भकक्ष
मी शिकवते त्या वर्गात दर वेळी निम्म्या लोकांनी हेच केलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ३०० एमबीची मर्यादा फक्त जोडलेल्या फाइलींना आहे, म्हणजे पीडीएफ वगैरे. नोंदी, टिपा, टॅग, कलेक्शन यांच्या सिंकला मर्यादा नाही आणि त्याला पैसेही लागत नाहीत. जागा भरली तर फक्त फाइल सिंक बंद करायचं, नोंदींचं चालूच ठेवायचं. हजारो नोंदी असल्या तरी फरक पडत नाही.

घरच्या लॅपटॉपवर झोटेरोत खात्याने लॉगिन करून सिंक करा. बंद करण्याआधीच्या नोंदी खाली येतील आणि मूळ फाइलमधल्या सायटेशनशी आपोआप जुळतील, कारण त्यांची ओळख खात्याशी बांधलेली असते.

त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांतल्या नोंदींसाठी रेफरन्स एक्स्ट्रॅक्टर नावाचं साधन वेबवर आहे. त्याला वर्ड फाइल दिली की आतली माहिती बाहेर काढून बिबटेक किंवा आरआयएस या संदर्भांच्या फाइल-स्वरूपात देतं, ती झोटेरोत इंपोर्ट करायची. मात्र या नोंदी झोटेरोच्या लेखी नव्या असतात, फाइलमधल्या जुन्या सायटेशनशी जोडल्या जात नाहीत. एखाद्या नोंदीत चूक दुरुस्त करायची असेल तर ते सायटेशन काढून नव्या नोंदीतून परत टाका. चूक नसेल तर हातही लावू नका. डुप्लिकेट दिसल्या तर डिलीट न करता मर्ज करा, म्हणजे दुवा तुटत नाही.

निळीशाई
एंडनोटमध्ये ट्रॅव्हलिंग लायब्ररी म्हणून अगदी हीच सोय आहे, वर्ड फाइलमधून लायब्ररी परत काढता येते. माहिती म्हणून सांगितलं.

पानगळ
धागा वाचून एक विचारावंसं वाटलं. माझा प्रबंध मराठीत आहे. लेखक जास्त असले की देवनागरी नावांपुढे 'एट अल.' रोमन लिपीत येतं. प्रत्येक ठिकाणी हाताने 'व इतर' करते आणि रीफ्रेश केलं की परत जसंच्या तसं होतं.

तळटीप
@पानगळ, हाताने नका करू. स्टाईलची फाइल साध्या मजकुराची असते. झोटेरोच्या स्टाईल एडिटरमध्ये ती उघडून तिच्याच लोकेल भागात त्या शब्दाच्या जागी 'व इतर' लिहा, वेगळ्या नावाने साठवा आणि प्रबंधाला ती स्टाईल लावा. मी माझ्या पेपरसाठी केलंय. इंग्रजी नोंदींनाही मग 'व इतर'च येईल, ते चालतंय का ते गाईडना विचारून घ्या.

रानजाई
झालं. लॉगिन केल्यावर १३९ नोंदी आल्या, बाकीच्या ४५ एक्स्ट्रॅक्टरने काढल्या. त्यातल्या सहांमध्ये नियतकालिकाचं नाव किंवा पानं नव्हती. मीच तेव्हा घाईत हाताने भरल्या होत्या. त्या डीओआय (लेखाचा ओळख क्रमांक) टाकून नव्याने आणल्या आणि सायटेशन बदलली. मॅडमच्या दुरुस्त्या दोन दिवस बसून हाताने केल्या. तिसऱ्या प्रकरणातला भाग काढला तसे पुढचे सगळे नंबर आपोआप सरकले, आता एकूण १७७ आहेत. मॅडमना यापुढे पीडीएफ देणार, कॉमेंट त्यावर.

संदर्भकक्ष, तळटीप, तुमच्यामुळे झालं. अजून एकच, फक्त फाइल सिंक बंद करायची खूण कुठे आहे? सापडत नाहीये.

संदर्भकक्ष
सेटिंग्जमध्ये सिंक. तिथे खाली 'फाइल सिंकिंग' असा वेगळा भाग आहे, त्यातली 'माय लायब्ररी'पुढची खूण काढा. वरची आपोआप सिंक होण्याची राहू द्या.