अनुभव धागा : ओआरएमची गाठ तुमची कोणी सोडवली?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्या टीममध्ये एक मुलगा नव्याने आला. एसक्यूएल (डेटाबेसला क्वेरी, म्हणजे प्रश्न, विचारायची भाषा) पक्कं, पीएचपी पक्कं, पण डॉक्ट्रिनसमोर बसला की गप्प. (डॉक्ट्रिन हे पीएचपीचं एक ओआरएम : टेबलातल्या ओळी कोडमध्ये ऑब्जेक्ट म्हणून वापरू देणारं साधन.) दोन दिवसांनी हळूच म्हणाला, "ताई, मी सेव्ह करा असं कुठेच लिहिलं नाही. मग टेबलातलं नाव बदललं कसं?"

त्याला समजावताना माझं २०१२ साल आठवलं. तेव्हा मी गृहनिर्माण संस्थांच्या बिलिंगचं काम करायचे. त्याआधीची चार वर्षं हाताने क्वेरी लिहिण्यात गेली होती, आणि डॉक्ट्रिन २ समोर आलं. एक सदनिका, तिचे अनेक सभासद. आधीपासून टेबलात असलेला एक सभासद मी सदनिकेच्या कलेक्शनमध्ये (तिच्या सभासदांच्या यादीत) घातला, फ्लश केलं (म्हणजे जमलेले बदल डेटाबेसमध्ये लिहायला सांगितले). एरर नाही, वॉर्निंग नाही. आणि टेबलात बघते तर सभासदासमोरचा सदनिकेचा रकाना रिकामाच. दोन दिवस मी हेच करत होते. कॅश साफ कर, पुन्हा चालव, पुन्हा रिकामा.

शेवटी आधीच्या नोकरीतल्या एका मॅडमना फोन केला. त्यांनी कोड मागितलाच नाही. एवढंच विचारलं, "फॉरेन की कुठल्या टेबलात आहे?" (फॉरेन की म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा रकाना.)
"सभासदांच्या."
"मग नात्याची मालकी सभासदाकडे. डॉक्ट्रिन फ्लशच्या वेळी तेवढीच बाजू बघतं. सदनिकेकडचं कलेक्शन वाचायला आहे, तिथे काहीही घातलंस तरी टेबलाला कळणार नाही."

मग त्यांनी सदनिकेच्या क्लासमध्ये एक छोटी मेथड लिहून घेतली : सभासद कलेक्शनमध्ये घालायचा आणि त्याच मेथडमध्ये सभासदालाही सांगायचं की तुझी सदनिका ही. म्हणजे दोन्ही बाजू कायम जुळलेल्या राहतात. आजही कुठलीही एंटिटी (टेबलाशी जोडलेला क्लास) लिहिताना मी आधी फॉरेन की कुठे आहे ते बघते.

तर लिहा. कुठे अडलात, कोणी सोडवलं, नेमकं काय सांगून सोडवलं. लहान वाटणारा अनुभवही चालेल.

घाटमाथा

माझा अनुभव दूध संस्थेचा. दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं निघतात. लॅरावेलमध्ये (पीएचपीचं एक फ्रेमवर्क) यादीचं पान केलं होतं : बिल, उत्पादकाचं नाव, त्याचं बँक खातं. माझ्या लॅपटॉपवर दहा उत्पादक टाकून बघितलं, झटकन उघडायचं. संस्थेत लावलं तिथे ४३० उत्पादक. बिलाच्या दिवशी सकाळी सचिवांचा फोन, "साहेब, पान फिरतंच आहे, बाहेर माणसं उभी आहेत."

मी सर्व्हरला दोष देत होतो. इंडेक्स टाकले, काही फरक नाही. एका ओळखीच्या ग्रुपवर विचारलं. त्यात एक गृहस्थ होते, आजवर त्यांची प्रत्यक्ष भेट नाही. त्यांनी लिहिलं, "एक क्वेरी किती वेळ घेते ते सोडा. त्या पानावर किती क्वेरी जातात ते मोजा." कसं मोजायचं तेही सांगितलं : डीबीचं लिसन लावायचं आणि प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये लिहायची.

लॉग उघडला. ८६१ ओळी. पहिली बिलांची, मग प्रत्येक बिलामागे उत्पादकाची एक आणि खात्याची एक. एकच वाक्य, शेवटचा आकडा तेवढा बदलत गेलेला, खाली खाली खाली. ते बघितल्यावर कोणी समजावायची गरजच राहिली नाही. लूपमध्ये मी बाणाने उत्पादकाकडे जात होतो, आणि इलोक्वेंट (लॅरावेलचं ओआरएम) प्रत्येक वेळी इमानाने टेबलाकडे जाऊन येत होतं. सुरुवातीच्या क्वेरीला "विथ" लावून उत्पादक आणि खातं आधीच मागवलं. ८६१ च्या ३ झाल्या.

त्या गृहस्थांनी नंतर स्वतःहून पुन्हा विचारलं, "झालं का काम? माणसं गेली का घरी?" हे मला आजही आठवतं.

नव्या मंडळींसाठी : २०२१ पासून, लॅरावेल ८ च्या एका अपडेटपासून, लेझी लोडिंग (हात लावल्यावरच नातं टेबलातून आणणं) रोखण्याची सोय आहे. डेव्हलपमेंटमध्ये ती चालू ठेवा. आधी न मागवलेल्या नात्याला हात लावला की तिथल्या तिथे एक्सेप्शन येतं. दहा रेकॉर्डांवरसुद्धा चूक पकडली जाते.

निवांत

माझी गाठ दोन कंसांची होती. ऑर्डरचे आयटम मोजायचे होते. कंसाशिवाय आयटम लिहून काउंट केलं तर आधी सगळे आयटम मेमरीत येतात, मग पीएचपी मोजतं. कंस लावला तर मोजणी डेटाबेसमध्ये होते आणि फक्त आकडा येतो. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने माझ्या खांद्यावरून बघून सांगितलं, अर्ध्या मिनिटात. तोवर मी तीन महिने कंसाशिवाय लिहीत होतो.

सेमीकोलन

पाटीपेन्सिल, तुमच्या त्या मुलाच्या अगदी उलट प्रश्न माझा होता. मी सेव्ह करत होते, आणि बदलत नव्हतं.

पतसंस्थेचं काम. कर्जाची मुदत एक महिना वाढवायची. कर्जाच्या एंटिटीतून तारीख काढली, मॉडिफाय करून महिना वाढवला, फ्लश. स्क्रीनवर नवीन तारीख दिसते. पान पुन्हा उघडलं की जुनी. रक्कम बदलली तर सेव्ह होते, नाव बदललं तर होतं, फक्त तारीख नाही. मी टाइमझोनच्या मागे लागले, त्यात एक आख्खा शनिवार गेला.

आमचे एक सिनियर होते, मितभाषी. त्यांनी कोड वाचला आणि मला एक चित्र काढून दिलं. ते असं : डॉक्ट्रिन डेटाबेसमधून रेकॉर्ड आणतं तेव्हा मूळ किमती (प्रत्येक रकान्यातली माहिती) स्वतःजवळ टिपून ठेवतं. फ्लशच्या वेळी आताच्या किमती त्या टिपणाशी ताडून बघतं, आणि फरक असेल तेवढ्याचंच अपडेट काढतं. आकडा किंवा मजकूर असेल तर टिपणात त्याची वेगळी प्रत असते. तारीख मात्र ऑब्जेक्ट आहे. टिपणातही तोच ऑब्जेक्ट, एंटिटीतही तोच. मी आतून तारीख बदलली तेव्हा टिपणातली तारीखही बदलली. "तू पासबुक त्याच पासबुकाशी ताडून बघायला सांगते आहेस," सर म्हणाले, "फरक कुठून दिसणार?"

उपाय सोपा : डेटटाइम इम्यूटेबल वापरायचं. तिथे मॉडिफाय केलं की नवीन ऑब्जेक्ट हाती येतो, तो एंटिटीत पुन्हा ठेवायचा, आणि डॉक्ट्रिनला बदल दिसतो.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही ह्याच चित्रात आहे. त्याने आणलेला रेकॉर्ड डॉक्ट्रिनच्या टिपणात होताच. नाव बदललं, पुढे कोणीतरी फ्लश केलं, फरक दिसला, अपडेट गेलं. पर्सिस्ट (हा ऑब्जेक्ट सांभाळ, असं डॉक्ट्रिनला सांगणं) फक्त नव्या ऑब्जेक्टसाठी लागतं.

पाटीपेन्सिल

सेमीकोलन, हे चित्र उद्या त्याला काढून दाखवते. मी त्याला बरंच काही सांगितलं, पण टिपणाची गोष्ट इतकी सरळ मांडली नव्हती.

जुनाजाणता

माझ्या वेळी सगळ्यात मोठी अडचण अशी की कशाला काय म्हणायचं तेच माहीत नव्हतं. आम्ही आधी प्रॉपेल वापरलं. ते मुळात जावातल्या टॉर्कवरून आलेलं. एक्सएमएलमध्ये टेबलांचं वर्णन लिहायचं, मग ते क्लास तयार करून द्यायचं. नंतर डॉक्ट्रिन १ आलं. दोन्हींत एकच रीत : प्रत्येक ऑब्जेक्ट म्हणजे टेबलातली एक ओळ, आणि ऑब्जेक्टलाच सेव्ह म्हणायचं. डिसेंबर २०१० मध्ये डॉक्ट्रिन २ आलं आणि सेव्हच गायब! ऑब्जेक्टला टेबलाचा पत्ताच नाही. मला वाटलं हे लोक सोपी गोष्ट अवघड करून ठेवताहेत, आणि मी तसं तावातावाने बोलूनही दाखवलं.

माझा एक मित्र जावावाला, हायबरनेटवर (जावाचं ओआरएम) काम केलेला. त्याने वाद घातला नाही. पुण्यात एका चहाच्या टपरीवर बसून त्याने मला शब्द दिले. मार्टिन फाउलर यांनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात ह्या रीतींना नावं दिलेली आहेत. ऑब्जेक्ट स्वतःच ओळ वाचतो-लिहितो ती ॲक्टिव्ह रेकॉर्ड. ऑब्जेक्ट वेगळा, टेबल वेगळं, आणि मध्ये ने-आण करणारा तिसराच कोणी, ती डेटा मॅपर. बदल गोळा करून एकदम लिहिणारं ते युनिट ऑफ वर्क. आणि एकाच ओळीसाठी एकच ऑब्जेक्ट राहील हे बघणारा आयडेंटिटी मॅप.

मग त्याने विचारलं, "तुझ्या प्रोजेक्टमध्ये कर्जाच्या व्याजाचा नियम कुठे आहे?" मी म्हटलं कर्जाच्या मॉडेलमध्ये. "तो तपासायला डेटाबेस लागतो का?" लागत होता. टेस्ट चालवायची तर आधी टेबलं तयार करा, त्यात ओळी घाला. "मॅपर असता तर कर्ज हा साधा पीएचपीचा क्लास असता. न्यू म्हण, व्याज काढ, बघ." तिथे मला डॉक्ट्रिन २ चं प्रयोजन कळलं.

लॅरावेल २०११ साली आलं, त्याचं इलोक्वेंट पुन्हा ॲक्टिव्ह रेकॉर्डच. ते कमी दर्जाचं आहे असं मी म्हणणार नाही. फॉर्म, यादी, नोंद, दुरुस्ती, एवढंच काम असेल तर मी आजही इलोक्वेंटच घेतो. नियमांचं जंजाळ असेल तिथे मॅपर. पण शिकणाऱ्याला मी आधी ही चार नावं देतो, कारण नाव हाती असलं की शोधता येतं, विचारता येतं.

कोकणकडा

हा प्रकार शिकवून ठेवावा असा आहे. एका शाळेसाठी १,२०० पालकांना फीच्या पावतीचे एसएमएस पाठवायचे होते. "पाठवला नाही" अशा नोंदी चंक (लॅरावेलची तुकड्यातुकड्याने नोंदी आणायची सोय) वापरून शंभर-शंभरने घ्यायच्या, पाठवायचा, आणि नोंद "पाठवला" करायची. चालवलं. बरोब्बर ६०० गेले. एरर शून्य.

माझी बहीण डेटाबेसचं काम करते, पीएचपी तिला येत नाही. मी तिला लॉगमधली एसक्यूएल वाचून दाखवली. दुसऱ्या फेरीत ऑफसेट (सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या तो आकडा) १००, तिसरीत २००. ती लगेच म्हणाली, "अरे, रांगेतली पहिली शंभर माणसं आत गेली की मागची पुढे सरकतात. तू मात्र परत शंभर सोडून मोजतोयस. त्या शंभरांना कोण विचारणार?"

प्रत्येक फेरीत शंभर जण असे सुटत होते. सहा फेऱ्यांनंतर ६०० उरलेले आणि ऑफसेटही ६००, म्हणून यादी रिकामी आली आणि काम "संपलं". चंक बाय आयडी वापरलं की ते आयडीच्या पुढून मोजतं, रांग सरकली तरी फरक पडत नाही. उरलेल्या ६०० पालकांना त्याच संध्याकाळी संदेश गेले.

उंबरठा

मला मदत केली ती इंटर्नशिपला आलेल्या मुलीने. जुना डेटाबेस, टेबलांची नावं मराठी पण रोमन लिपीत. "गाव" नावाचं मॉडेल लिहिलं, तर इलोक्वेंट त्याला इंग्रजी अनेकवचन लावून "गाव्स" टेबल शोधायला निघालं. ते तर नाहीच, शिवाय प्रायमरी कीचं (प्रत्येक ओळीची ओळख असलेल्या रकान्याचं) नाव आयडी नाही, आणि तयार केल्याची-बदलल्याची वेळ ठेवणारे दोन रकानेही नाहीत. मी टेबलंच बदलायला निघालो होतो, तीही दुसरी तीन ॲप त्यावर चालत असताना! तिने मॉडेलमध्ये तीन ओळी लिहिल्या : टेबलाचं नाव हे, की ही, टाइमस्टॅम्प नकोत. झालं.

मग गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसू लागली. टेबलात देवनागरी ठीक होती. जोडणीचा कॅरेक्टर सेट चुकीचा होता. यूटीएफ८एमबी४ केल्यावर सगळी गावं आपापल्या नावाने परतली. ती यादी वर-खाली करून मी उगाचच दोनदा वाचली.

सेमीकोलन

जुनाजाणता, एक भर घालते. महिनाअखेरच्या रिपोर्टसाठी मी ४० हजार हप्त्यांच्या एंटिटी आणल्या होत्या, १२८ एमबीची मर्यादा ओलांडून स्क्रिप्ट पडली. त्याच सरांनी विचारलं, "बेरीजच करायची आहे ना? मग ऑब्जेक्ट कशाला?" ग्रुप बायची (गटवार बेरीज काढणारी) साधी क्वेरी लिहिली, साठ ओळी आल्या. ओआरएम वापरायचं म्हणजे सगळीकडे वापरायचं, असा माझा समज होता.

पहिलीपायरी

मी शिकतेय, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अनुभव सांगण्याइतकं माझ्याकडे काही नाही, पण घाटमाथा यांचं वाचून आत्ता माझ्या प्रोजेक्टवर लिसन लावलं. ग्रंथालयाचं पान आहे, पुस्तकांची यादी. १४२ आल्या. हे जास्त आहे का?

घाटमाथा

जास्त आहेत. यादीत ४७ पुस्तकं आहेत का? आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी दाखवताय का, लेखक, प्रकाशक असं काही?

पहिलीपायरी

४७च आहेत! लेखक, प्रकाशक आणि कपाट. सर, तुम्हाला कसं कळलं?

घाटमाथा

पहिली क्वेरी यादीची, ती वजा केली. उरल्या १४१, म्हणजे तीन वेळा ४७. आता विथमध्ये ती तीन नावं द्या, पुन्हा मोजा आणि आकडा इथे टाका.

पहिलीपायरी

४.