जुन्या चेतकचं हँडल गेमला थ्रॉटल म्हणून जोडायचंय, मदत हवी आहे

मंडळी, प्रश्न येडपट वाटेल, पण गंभीरपणे विचारतोय.

बाबांची चेतक गेल्या महिन्यात भंगारात दिली. रोज सकाळी आडवी केल्याशिवाय सुरू न होणारी गाडी, तरी देताना जिवावर आलं. म्हणून अख्खं हँडल सोडवून ठेवून घेतलं. आई म्हणाली, "हे आता हॉलमध्ये लावणार आहेस का?" हॉलमध्येच लावलंय. टेबलाला क्लँप करून एलिट डेंजरस या अंतराळयानांच्या गेममध्ये त्यावर कोब्रा चालवायची आहे. (कोब्रा १९८४ च्या मूळ एलिटमधली, म्हणजे तीही चेतकच्याच पिढीतली.)

तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा, दांडा किती फिरला ते सांगणारा भाग) आणून उजव्या मुठीच्या नळीला बसवला. त्याचं रीडिंग घेणारा बोर्ड प्रो मायक्रो (आर्डुइनोच्या जातीचा छोटा बोर्ड), कारण तो कॉम्प्युटरला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो. हे कळायच्या आधी ऊनो या दुसऱ्या आर्डुइनो बोर्डवर दोन रात्री घालवल्या, असो. कार्ब्युरेटरची स्प्रिंग नाही, त्यामुळे मूठ सोडली तरी जागची हलत नाही. कर्वे रोडवर असं झालं तर मेलोच. यानात मात्र तेच हवं.

अडचण अशी की मूठ जेमतेम पाव फेरा फिरते आणि पोटेन्शिओमीटर पाऊण फेऱ्याचा. त्यामुळे बोर्डाला ० ते १०२३ ऐवजी ३८० ते ७१० एवढंच रीडिंग मिळतं. कोडमध्ये ताणलं की आकडा थरथरतो. स्टेशनात शिरताना वेग १०० च्या आत लागतो, माझा कधी ९७, कधी १०३. परवा एका यानाला घासलो, दंड बसला. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवून एकदाही पावती फाडली नव्हती हो!

शिवाय उजवा हात मुठीत अडकला की जॉयस्टिक डाव्या हातात. ते काही जमत नाहीये. काय करू?

प्रतिसाद १: पोटेन्शिओमीटरची मधली पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, कोडमध्ये १६ रीडिंगची सरासरी घ्या. थरथर बरीच कमी होईल.

प्रतिसाद २: अहो, उजवी मूठ सोडाच! यानाच्या गेममध्ये थ्रॉटल डाव्या हातात असतो, आणि चेतकचे गिअर डावीकडेच. गिअरला दोन केबल असतात, एक ओढली की दुसरी सैल होते. दोन्ही एका छोट्या पुलीला बांधा, पुली पोटेन्शिओमीटरच्या दांड्यावर. पुली जितकी लहान तितका दांडा जास्त फिरेल. स्प्रिंगची गरज नाही. गिअरचा खटका इंजिनाकडे असतो, त्यामुळे मूठ सलग फिरेल. क्लचला मायक्रोस्विच लावून बूस्ट (यानाला एकदम जोर) द्या.

धागाकर्ता: क्लच दाबून बूस्ट! हे मला सुचायला हवं होतं. पुली कसली घेऊ? जुन्या टेपरेकॉर्डरची चालेल का? रविवारी जुन्या बाजारात जाणारच आहे.