रात्री डोळे तपासण्याविषयी

मधुमेहामुळे दृष्टिपटलाला (डोळ्याच्या आत मागे असलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या थराला) झालेल्या आजाराच्या काळजीने रात्री उठून एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येतात का ते पाहतो, असे आपण लिहिले आहे. रक्तातील साखर वरखाली झाली की डोळ्यातील भिंग फुगते आणि नजर काही दिवस अंधुक होऊ शकते. त्यामुळे या घरगुती परीक्षेत आज नापास आणि परवा पास असे घडते, दृष्टिपटलाविषयी मात्र त्यातून फारसे कळत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांकडून अ‍ॅम्सलर ग्रिडचा चौकटींचा कागद मागून घ्यावा आणि ते सांगतील त्या वारी, दिवसाउजेडी, वाचायचा चष्मा लावून, एका वेळी एकाच डोळ्याने त्याच्या मधल्या ठिपक्याकडे पाहावे. रेघा नव्याने वाकड्या वा तुटक दिसल्यास लगेच कळवावे. अचानक काळे ठिपके वाढले किंवा पडदा सरकल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

या आजारावरच्या लेसर उपचाराने नजर जाते, ही शेजाऱ्यांची समजूत आपण फार मनावर घेतलेली दिसते. रात्री किंवा कडेला थोडे कमी दिसू शकते हे खरे, पण अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, जिचे पहिले निष्कर्ष १९७६ साली आले, लेसरमुळे तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले होते. मॅक्युलाला, म्हणजे दृष्टिपटलाच्या मधल्या भागाला, सूज असेल तर आता इंजेक्शनेही आहेत.

पुढच्या भेटीत आजार कोणत्या टप्प्यात आहे आणि सूज आहे का, एवढे फाइलवर लिहून घ्यावे, आणि झोप उडाल्याचेही संकोच न करता सांगावे. मधुमेहात अशी काळजी वाटणे डॉक्टरांना नवे नसते, तिच्यावर समुपदेशनाचा उपाय आहे.